मोडत्या जत्रेत

एसटीत आई खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून वरून सुतळीने बांधलेलं एक गाठोडं होतं. कंडक्टर तिकिटाला आला आणि त्याची नजर गाठोड्यावर गेली.

"आजी, काय ता?"

"आडाळो," आई म्हणाली. "धार हा. जपान रव."

कंडक्टरने हसून तिच्यापुढचं बाक रिकामं करून दिलं, म्हणजे गाडीने गचका खाल्ला तरी कुणाला लागायला नको.

घाटावर जिला विळी म्हणतात, रत्नागिरीकडे मोरळी म्हणतात, तिला आमच्याकडे आडाळी किंवा आडाळो म्हणतात. बसायला लाकडी पाट, त्यात रोवलेलं वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दाते. आईची ही आडाळी कुणकेश्वरच्या जत्रेतली. लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला बाबांनी घेऊन दिलेली. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. बाबा मुंबईला गिरणीत होते आणि शिवरात्रीला रजा मिळाली तर भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने देवगडला उतरत. बोट बंदरात लागायची नाही, पडावात उड्या टाकाव्या लागायच्या. हे सगळं मी आईकडून इतक्यांदा ऐकलं आहे, की त्या पडावात मीही बसले होते असं वाटतं.

१९८२ च्या संपानंतर बाबा कायमचे गावी आले. दोन वर्षं हातात काही नव्हतं. आईने घरातच खाणावळ सुरू केली, आठ-दहा माणसांची. शाळेतले मास्तर, तलाठी, एक कंपाउंडर. रोज तीन-चार नारळ खवायचे, मासे कापायचे, फणसाच्या दिवसांत कुयरी चिरायची. ते सगळं या एका पात्यावर झालं. माझं शिक्षण, भावाचं शिक्षण त्यातून झालं. हे मी कुठे बोलत नाही, पण आडाळीकडे बघितलं की मला ते आठवतं.

गेल्या पावसाळ्यात पाटाला चीर गेली. खोबणीपासून सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत आरपार पोहोचली. पातं डुगडुगायला लागलं. मी कोल्हापुरातून स्टीलची नवी विळी नेली, घडी घालायची. आईने ती धुऊन पुसून फडताळात ठेवली, आणि पाटाला सुंभाने करकचून बांधून जुनीच वापरत राहिली.

"शिवरात्रीक लोहार येतत," ती फोनवर म्हणाली. "तू रजा घे."

शिवरात्रीला मी पोहोचले. पण त्या दिवशी आई निघायला तयार नव्हती. "शिवरात्रीदिवशी देव दिसणा नाय, माणसांची डोकी दिसतत. जत्रा मोडाक लागली की जावया." मग माघातली चतुर्दशी गेली, अमावास्या गेली, आणि फाल्गुन प्रतिपदेच्या सकाळी आम्ही निघालो.

फेब्रुवारीअखेरचा देवगडचा रस्ता दोन्ही बाजूंनी कलमांचा. काही झाडं अजून मोहोरात होती, काहींवर सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. मोहोराचा वास कोवळ्या उन्हात जड होतो, गाडीच्या खिडकीतून आत येऊन बसतो. आई प्रत्येक बागेकडे बघून मान हलवत होती, यंदा कसं येणार याचा तिचा हिशेब चालू होता. देवगडला उतरून आम्ही रिक्षा केली. तारामुंबरी आणि मिठमुंबरीच्या मधल्या खाडीवर पूल झाल्यापासून कुणकेश्वर देवगडला अगदी जवळ आलं आहे. आधी केवढा तरी वळसा होता. पुलावर आल्यावर आईने रिक्षा क्षणभर थांबवायला लावली आणि खाडीच्या तोंडाशी बांधलेल्या होड्या बघितल्या. काही बोलली नाही.

कुणकेश्वरला उतार सुरू झाला की आधी समुद्र दिसतो, मग कळस. देऊळ अगदी पुळणीच्या टोकाला, लाटेच्या हाताशी. त्याला कोकणची काशी म्हणतात. एरवी गाव छोटं. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रसादाची, सरबताची, काजूगरांची, खेळण्यांची दुकानं. थोडी घरगुती जेवणाची घरं. शिवरात्रीला मात्र याच रस्त्यावर आणि खालच्या पुळणीवर एक आख्खं शहर उभं राहतं. आम्ही पोहोचलो तेव्हा ते शहर आवरलं जात होतं. बांबू सोडवत होते, ताडपत्र्या झटकून घड्या घालत होते. पाळण्याचे लोखंडी हात काढून ट्रकवर चढवत होते. कुठे अर्ध्या दुकानात माल मांडलेला, अर्ध्या दुकानात खोकी भरलेली.

मला मोडती जत्रा भरलेल्या जत्रेपेक्षा आवडते. भरलेल्या जत्रेत दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. मोडत्या जत्रेत तो बसलेला असतो, त्याचे पाय दुखत असतात, आणि कुणी दोन शब्द विचारले तर त्याला बरं वाटतं.

लोहाराकडे आधी जावं असं माझं म्हणणं. आई म्हणाली, आधी खाजा. उरलासुरला असेल, संपेल.

खाज्याशिवाय जत्रा झाली असं आमच्याकडे कुणी मानत नाही. जत्रेहून आलेल्या माणसाला "देव दिसलो?" असं विचारायच्या आधी "खाजो हाडलंस?" असं विचारतात. चण्याच्या पिठाची बोटभर लांबीची कांडी तळायची आणि गुळाच्या पाकात घोळवायची, एवढंच ते. पण त्यातलं आलं खरं. आम्ही जिथे थांबलो तिथे एक बाई कढईपाशी होती आणि तिचा नवरा खोकी बांधत होता. शेवटचा घाणा चालला होता. तळलेली कांडी एका परातीत ढीग करून ठेवलेली. मोठ्या कढईत गूळ विरघळून फेसाळत होता, आणि त्यात ठेचलेलं आलं पडल्याबरोबर वास असा उठला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई पाकाकडे टक लावून बघत होती. एक थेंब पाण्यात टाकून बोटांनी दाबून बघितला. नाही. पुन्हा थोड्या वेळाने. मग "हां" म्हणून तिने कढई खाली उतरवली, परात तिच्यात उपडी केली आणि दोन उलथन्यांनी खालून वर, खालून वर असं ढवळायला लागली. आधी सगळं एकमेकाला चिकटलेलं, ओलं, काळसर चकचकीत. हात थांबला असता तर ढेप झाली असती. ती थांबली नाही. हळूहळू पाक कोरडा पडत गेला, चमक गेली, कांड्यांवर खरखरीत फिकट साय धरली आणि एकेक कांडी सुटी होऊन कढईत वाजायला लागली. आवाज बदलला तशी तिने उलथनी खाली ठेवली आणि खांदा दाबला.

"काल दिवसभर ह्याच करी होतंय," ती म्हणाली. "आता हात वर जाणा नाय."

आईने तिच्या हातावर हात ठेवला. "कोमट तेल लाव गो रात्री."

मग दोघींचं पाकावर बोलणं झालं. गुळाचा की साखरेचा. बाई म्हणाली, साखरेचा पांढरा दिसतो, मुंबईची माणसं तो मागतात, पण गुळाचा टिकतो आणि घशाला लागत नाही. आईने बोटांवर घरं मोजली. वाडीतली नऊ, शाळेतल्या बाई एक आणि माझी कोल्हापूरची शेजारीण. अकरा. कागदाच्या अकरा वेगळ्या पुड्या बांधून घेतल्या. बाईने बाराव्या पुडीत गरम कांडी घातली आणि ती माझ्या हातात दिली. "ही वाटेत खावक. ह्येचे पैशे नको."

गरम खाजा मी त्याआधी कधी खाल्ला नव्हता. आमच्या घरी तो नेहमी एक-दोन दिवसांचा, कडक होऊनच यायचा. गरम असताना वरचा गूळ जिभेवर मऊ विरतो आणि आतलं पीठ कुरकुरीत लागतं.

पुढे रस्त्याच्या कडेला बचत गटाच्या चार बायकांनी टेबल मांडलं होतं. सोलं, आगळ, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, त्रिफळं, आंबापोळी, फणसपोळी. आईला यातलं काहीच विकत घ्यायचं नव्हतं, हे सगळं ती घरी करते. तरी ती प्रत्येक डबा उघडून वास घेत होती आणि त्या बायकाही तिला घेऊ देत होत्या, कारण ती गिऱ्हाईक नाही हे त्यांना पहिल्या वासालाच कळलं होतं.

"सोलांक पुटां किती?" आईने विचारलं.

"पाच."

आईची मान हलली, बरोबर आहे म्हणून. रातांबे उतरतात एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस यायच्या आत. फोडून गर वेगळा करायचा, साली उन्हात घालायच्या आणि संध्याकाळी गराच्या खारवलेल्या रसात बुडवून पुन्हा दुसऱ्या दिवशी उन्हात. असं जितक्यांदा कराल तितका साल रस पिते आणि काळी होत जाते. एक-दोन पुटांवर भागवलं तर सोल लालसर दिसतं, देखणं दिसतं, आणि आमटीत पडल्यावर पातळ लागतं. शहरातल्या दुकानात तेच लालसर सोल जास्त भावाने खपतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हापूसला २०१८ मध्ये मिळालं. या टेबलावरच्या एका पुडीवर ते ठळक छापलंही होतं. पण पुटं किती, हे पुडीवर कुठेच छापलेलं नसतं. ते विचारायला माणूसच समोर लागतो, आणि उत्तर खरं आहे की नाही हे जोखायला माझ्या आईसारखं कुणीतरी.

टेबलाच्या टोकाला केळीच्या सोपटात बांधलेले फिकट पिवळे गोळे होते. मी ते बऱ्याच वर्षांत बघितले नव्हते. मुठेल. रातांब्याच्या बिया सुकवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल सुटतं. ते गार होताना घट्ट होतं आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. गोळ्यावर मुठीचे वळ राहतात. लहानपणी थंडीत पायाला भेगा पडल्या की आई पळीत मुठेलचा तुकडा वितळवून तो भेगांत सोडायची. चटका बसायचा आणि मग रात्रभर पाय शांत. मी एक गोळा उचलून उलटा केला. चार बोटांचे खळगे स्पष्ट होते, आणि करंगळीचा खळगा जरा वाकडा. टेबलामागच्या चौघींतल्या सगळ्यात वयस्क बाईची करंगळी वाकडी होती. तिने माझी नजर पाहिली आणि हात पदराखाली घेतला. मला फार अवघडल्यासारखं झालं. मी ते गोळे पाचही घेतले. ती म्हणाली, "लहानपणी घाण्यात गावलेली. दुखणा नाय आता."

उन्हं वर आली होती. लोहारांची पालं देवळाच्या वाटेपासून बाजूला, एका माडाच्या बागेच्या कडेला. तीन होती, त्यातली दोन आवरून झाली होती. तिसऱ्यापाशी एक चाळिशीचा माणूस कोयते वर्तमानपत्रात गुंडाळत बसला होता. त्याची बायको भांडी भरत होती. भाता काढून ठेवलेला, ऐरण गोणपाटावर आडवी.

आईने त्याच्यासमोर बसून गाठोडं सोडलं. त्याने पातं हातात घेतलं. आधी लांब धरून त्याची वाक बघितली, मग अंगठा आडवा फिरवला, मग हातोड्याच्या दांड्याने हलकं टकटक केलं आणि कान जवळ नेला. तो घाटावरचा होता.

"आज्जी, पातं लई चांगलं हाय. पाट गेलाय निस्ता."

"ताच सांगतंय. माका नवो नको. हेकाच पाट घालून दी."

तो म्हणाला, पाट त्याच्याकडे सुटे नसतात. घरून विळ्या तयार करूनच आणतात. नवी घ्या, जुनी मोडीत धरतो. आई काही बोलली नाही, नुसती बसून राहिली. तो पुन्हा पात्याकडे बघायला लागला. त्याने ते उन्हात तिरपं धरलं.

"हे धावंचं लोखंड असंल," तो म्हणाला. बैलगाडीच्या चाकाला जो लोखंडी पट्टा असतो, त्याला धाव म्हणतात. जुने लोहार जीर्ण झालेल्या धावेची हत्यारं करत. आता मालगाड्यांचे कमानपाटे भंगारात घेतात आणि ते तापवून ठोकतात. त्याच्या मते तेही लोखंड चांगलं, पण त्याला पाणी देताना जपावं लागतं. लाल तापलेलं पातं पाण्यात किती बुडवायचं आणि किती वेळ, यात चुकलं तर धार काचेसारखी होते, नारळाच्या करवंटीवर आपटली की उडते. "हिला पाणी बेताचं दिलंय. म्हणून एवढी झिजली पर तुटली न्हाई." झिजली होतीच. नवीन पातं जिथे तीन बोटं रुंद असतं, तिथे आईचं सव्वा बोट उरलं होतं. ते कमी झालेलं पावणेदोन बोटं लोखंड आम्ही खाऊन वाढलो.

"तुझ्या बापाशीन केल्यान असतला," आई त्याला म्हणाली. "ह्याच जत्रेत घेतलेला."

त्याचे वडील या जत्रेला यायचे, आजोबाही यायचे, हे त्याने सांगितलं. "पर सांगता न्हाई येणार, आज्जी. आमच्या भागातनं धा-पंधरा घरं यायची तवा."

मला हे त्याचं उत्तर फार आवडलं. हो म्हणाला असता तर आई खूश झाली असती आणि त्याचं काहीच गेलं नसतं.

मग तो उठला. गुंडाळून ठेवलेल्या नव्या विळ्यांतली एक सोडली, पाचर ठोकून बाहेर काढली आणि पातं उपटून बाजूला ठेवलं. पाट बाभळीचा होता. आईने त्यावर नख मारून बघितलं. "फणसाचो नाय?" तो म्हणाला, आमच्याकडं फणस कुठला, बाभळच, पर दगडासारखी ऱ्हाती, तुमच्या नातवंडांना पुरंल. जुन्या पात्याचं खालचं टोक नव्या खोबणीत सैल बसत होतं, कारण जुने लोहार ते बारीक ठेवत. त्याने बाभळीचीच पातळ ढलपी काढून दोन बाजूंना भरली, वरून पाचर ठोकली. पातं हलवून बघितलं. काढलं, ढलपी अजून तासली, पुन्हा बसवलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने पाट पायाखाली धरून पात्याला दोन्ही हातांनी हिसका दिला आणि ते जागचं हललं नाही.

दाते पार बोथट झाले होते. भट्टी विझलेली होती तरी त्याला आगीची गरज नव्हती. त्याने कानस घेतली आणि एकेक दाता नव्याने कोरायला बसला. लोखंडाचा बारीक भुगा त्याच्या मांडीवर पडत होता. बायको भांडी भरायची थांबून आमच्यासाठी चहा करायला लागली. एवढ्यात आईने दोन खाज्याच्या पुड्या तिच्या पोरांना देऊन टाकल्या, म्हणजे आमची अकरा घरांची बेरीज चुकली आणि परत त्या कढईपाशी जावं लागलं. त्याची मला मुळीच तक्रार नव्हती.

कामाचे त्याने दीडशे मागितले. मी दोनशे दिले. पन्नास परत द्यायला त्याच्याकडे सुटे नव्हते, तर त्याने एक छोटा सुरा कागदात गुंडाळून दिला. जुना फणसाचा पाट त्याने उचलला आणि भट्टीला होईल म्हणाला. आईने तो त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा फडक्यात बांधला.

दुपारी साडेबाराच्या सुमाराला आम्ही देवळात गेलो. भरती ऐन भरात होती. किनाऱ्यावरची माणसं तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. प्रतिपदा म्हणजे पाऊण. आणि अमावास्येच्या आसपासचं पाणी उधाणाचं. देवळाच्या धक्क्यावर लाट आदळली की तुषार थेट प्रांगणात येत होते. गाभाऱ्यात गर्दी नव्हती. आईला पिंडीसमोर हवं तेवढा वेळ उभं राहता आलं. नवी आडाळी मी बाहेर धरून उभी होते. हत्यार घेऊन देवासमोर जाऊ नये असं आईचं म्हणणं.

देवळाच्या आवारात एक थडगं आहे. त्याची गोष्ट आईने मला सहा-सात वर्षांची असताना इथेच सांगितली होती. एक परदेशी मुसलमान व्यापारी तारवातून चालला होता. रात्री वादळात सापडला. दूर किनाऱ्यावर एक दिवा दिसला. त्याने त्या दिव्याच्या दिशेने हात जोडले आणि म्हटलं, वाचलो तर तुझं देऊळ बांधीन. वाचला आणि त्याने ते बांधलं. पण बांधून झाल्यावर त्याला वाटलं, आता माझी माणसं मला घेणार नाहीत, आणि त्याने कळसावरून उडी टाकली. गावाने त्याला देवाच्या शेजारीच पुरलं. इतिहास म्हणून यातलं किती टिकेल, हा अभ्यासकांचा विषय. देऊळ यादवकाळातलं असल्याचं इथे मानलं जातं, आणि साधारण १९२० मध्ये जवळच सापडलेल्या गुहेतले दगडी मुखवटे आणखीच वेगळं काही सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की या गावाने शतकानुशतकं ही गोष्ट अशीच सांगितली आणि थडगं जपलं. आईने त्यावर फूल ठेवलं. तीही नेहमीच ठेवते.

जेवून आम्ही पुळणीवर सुरूच्या सावलीत बसलो. आदल्या दिवशी, अमावास्येला, गावोगावच्या देवस्वाऱ्या इथे समुद्रस्नानाला आल्या होत्या. कौल मिळाला की देव गावातून निघतो, देवाच्या तरंगकाठ्यांना साड्या नेसवलेल्या, पुढे ढोल, मागे अख्खा गाव अनवाणी. वाळूत अजून झेंडूची फुलं होती, करवंट्या होत्या, एका जागी तांबडं कुंकू ओल्या वाळूत पसरून वाळलं होतं. ग्रामपंचायतीची माणसं पोती घेऊन साफसफाई करत होती. देव आंघोळीला येतात म्हणून माणसं येतात, माणसं येतात म्हणून खाजा, पाळणे, बांगड्या आणि घाटावरचे लोहार येतात. देवस्वारीला दुकानं नको असतील, पण गावाकडे परतताना तिच्या मागच्या बायांच्या हातात पुड्या असतातच. आई म्हणाली, तिच्या सासूबाईंनी आयुष्यात स्वतःच्या पैशांनी जी काही खरेदी केली ती सगळी याच पुळणीवर. बांगड्या, एक रोवळी, एक पितळेचा तांब्या. बाकी बाजार पुरुषांनी केला.

पाच वाजेपर्यंत पाणी बरंच उतरलं होतं. उधाणाच्या दिवसांत भरती जशी वर चढते तशी ओहोटीही लांब जाते. कातळ उघडे पडत गेले आणि त्यांवर कोरलेली शिवलिंगं एकेक करून दिसायला लागली. शेवाळाने हिरवी, काही अर्धी झिजलेली, एकाच्या भोवती खळग्यात पाणी साचून त्यात एक बारकं खेकडं फिरत होतं. पांडवांनी ती कोरल्याचं सांगतात. काशीला एकशे आठ, इथे एकशे सात, एक राहिलं. मी लहानपणी ती मोजायला लागायचे आणि दरवेळी पाण्याने हिशेब मोडायचा. या वेळी मी चोविसापर्यंत गेले. आई कातळावर आली नाही, तिचे गुडघे आता तसं चालू देत नाहीत. ती वाळूत बसून राहिली, आडाळी मांडीवर, आणि नव्या दात्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

घरी पोहोचायला साडेआठ झाले. रात्री मी तिच्या टाचांना मुठेल लावलं.

सकाळी मला जाग आली ती आवाजाने. नव्या दात्यांवर खोबरं वेगळं वाजतं, कोरडं आणि भराभर. आई ओसरीवर बसली होती, पाय पाटावर दाबून, आणि करवंटी गोल फिरत होती. खाली ताटात पांढरं बारीक खोबरं पडत होतं, करवंटीची काळी साल एवढीशीही नव्हती त्यात.

"पाट जड हा," ती मान वर न करता म्हणाली. "पण हलणा नाय."

नऊ वाजेपर्यंत वाडीतल्या पुड्या वाटून झाल्या. दुपारच्या गाडीने मला निघायचं होतं. पाणी प्यायला मी माजघरात गेले, तर माठाखालची जुनी चुंबळ काढलेली आणि तिथे फणसाचा तो पाट. चीर गेलेली बाजू भिंतीकडे, आणि जिथे पूर्वी पातं रोवलेलं असायचं, त्या खोबणीत माठातलं झिरपलेलं पाणी साठत होतं.